झालेलं बोलणं

मैनाने पाटी उलटी करून मांडीवर ठेवली आणि ती म्हणाली, "मामा, कशाला उगाच घसा कोरडा करताव? माझ्या डोक्यात नाय शिरायचं इंग्रजी. आमच्याकडं बायकांना ते येतच नाय. आयला पण मुंबैच्या बाईनं नापास केलान."

बोलली ती अगदी सहज, आमच्या फणसाला गरे कमी असतात असं सांगावं तसं. स्वयंपाकघरात महिपतची बहीण शकू बांगड्यांना हळद-मीठ चोळत बसली होती. ती तिथूनच हसली. "खरं सांगतेय ती, दादा. चार वाक्यं घोकली नि मला वाटलं, मी मडमीण झाले. नाकापेक्षा मोती जड! तू नको तिच्यामागं लागू. शिवण शिकवीन मी तिला, पालीत." महिपतने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला. तेरा वर्षं तो एक गोष्ट पोटात घेऊन वावरत होता आणि ती आपल्याला पुरती ठाऊक आहे अशी त्याची समजूत होती. शकूचं शिक्षण हुकलं, हे ठाऊक होतं. कुणामुळे हुकलं, हेही. पण मुंबईहून उत्तर आलं नाही याचा अर्थ आपण नापास झालो असा शकूने लावून घेतला असेल, तो तेरा वर्षं उराशी धरला असेल, वर पोरीलाही शिकवला असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. पत्र वाटेत गहाळ झालं असेल, जागा भरल्या असतील, असं काहीतरी तिने धरलं असणार, असं तो स्वतःला सांगत आला होता. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे आपल्या सोयीने ठरवण्यात माणसाचा हात कोण धरणार! त्याने पाटी मैनाच्या मांडीवरून उचलली आणि उगाचच धोतराच्या सोग्याने पुसत बसला.

सन अडतीसचा मे संपत आला होता. रत्नागिरीत झाडगावला दोन खोल्या भाड्याने घेऊन महिपत राहत होता. गावातल्या एका शाळेत तो इंग्रजीचा मास्तर होता. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळे घरात सकाळी भात आणि संध्याकाळी सकाळचाच भात. यंदा शाळेने मुलीही घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यानेच शकूला पालीला कार्ड टाकलं होतं, की मैनाला घेऊन ये, नाव घालू, पोर माझ्याकडे राहील. शकू सकाळच्या मोटारीने आली, सोबत कोकमं, पोह्यांचे पापड आणि मैना. आली ती नाही म्हणायला, पण नाही म्हणायचं तरी तोंडाने म्हणावं, भावाला दोन घास करून घालावे, म्हणून आली. चारच्या मोटारीने ती परत जाणार होती, आणि सोमवारी शाळा उघडणार होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. एवढ्या वेळात तिला खरं सांगितलं, तर पोरगी शाळेत जाईल आणि बहीण जाईल. न सांगितलं, तर बहीण राहील, दर भाऊबीजेला ओवाळील, आणि मैना पालीच्या बाजारात लोकांची पोलकी शिवील. इतकी उघड गोष्ट होती, तरी त्याने पुसलेली पाटी पुन्हा पुसायला घेतली.

त्याला गंगाराम मास्तर आठवले. खरं तर ते त्याला दर वर्षी आठवत. पुस्तकातला तो एक धडा आला की आठवत, आणि म्हणूनच तो धडा महिपत मागे वाघ लागल्यासारखा उरकून टाकी. बाकीचं व्याकरण तो रवंथ करून शिकवायचा, पण 'हॅव' लागून येणाऱ्या त्या क्रियापदांपाशी आला की फळ्यावर तीन वाक्यं लिहायची, पोरांनी उतरवायची, पुढचं पान. शाळेतले दुसरे मास्तर चेष्टाही करत, की महिपतरावांचं आणि या काळाचं काही जुनं वैर दिसतंय. गंगाराम मास्तर मात्र वर्षभर तेवढंच शिकवत. ते काही शिकलेले मास्तर नव्हते. वीस वर्षं आगबोटीवर टिंडेल म्हणून, म्हणजे खलाशांवरचे मुकादम म्हणून, काढली होती. एडन, मोंबासा, कुठे कुठे फिरून आले होते. गुडघे धरले तेव्हा मांडवीला घरी परतले आणि घराच्या पडवीत नाखव्यांच्या, खलाशांच्या पोरांना इंग्रजी शिकवायला बसले. पुस्तक नव्हतं, फळा म्हणजे होडीची एक जुनी फळी. काळांची इंग्रजी नावं त्यांना माहीत नव्हती, असली तरी त्यांनी ती कधी उच्चारली नाहीत. ते म्हणत, "करतो ते एक बोलणं. कधीकाळी केलं ते दुसरं बोलणं. नि करून आत्ता तुमच्यासमोर हुबा हाय, हात अजून ओले हायत, ते तिसरं. त्याला मी म्हणतो झालेलं बोलणं." आणि हे झालेलं बोलणं शिकवायची त्यांची रीत बोटीवरची होती. "बोटीवर सायेब इचारतो, झाकणं लावलीस? खलाशानं न लावताच लावली म्हणून सांगितलान, की पहिल्या लाटेला पाणी आत. मग हायत नायत ती सगळी माणसं तळाला. म्हणून आधी करा, मग तोंड उघडा." त्यांच्या पडवीत 'आय हॅव शट द डोअर' म्हणायचं तर उठून दार लावून यावं लागे. दार आधीच लावलेलं असेल तर ते उघडायचं, परत लावायचं, मग म्हणायचं. एकदा लवू नावाच्या पोराने बसल्या जागेवरून 'आय हॅव ड्रंक द वॉटर' म्हटलं, तर मास्तरांनी त्याला पाण्याची कळशी संपेपर्यंत उठू दिलं नव्हतं. सगळी पडवी हसून लोळली होती. लवूही हसत होता, पाणी नाकातून येत होतं. त्या पडवीला सुक्या मासळीचा आणि डांबराचा वास यायचा, आणि अजूनही कुठे मचव्याला डांबर लावताना दिसलं की महिपतचं वय क्षणभर सतरा होई.

शकू त्या पडवीत कधी विद्यार्थी म्हणून बसली नाही. मुलींनी बसायची पद्धतच नव्हती. मास्तरांची बायको राहीकाकी, तिच्याकडे ती जाळी विणायला जाई आणि उंबऱ्याच्या आत बसे. हात जाळ्यात आणि कान पडवीत. घरी आली की महिपतच्या मागे लागे. मग दोघा भावंडांचा खेळ सुरू व्हायचा. शकू अंगण झाडून येई, खराटा हातात तसाच, आणि ओरडे, 'आय हॅव स्वेप्ट द यार्ड.' विहिरीवरून कळशी आणली की ती खाली ठेवायच्या आत, 'आय हॅव ब्रॉट द वॉटर.' आई, गोदूबाई, कपाळाला हात लावी. "पोर खुळावली गो. कळशी ठेव आधी, मग कर काय ती हॅव हॅव." वडील आप्पा मचव्यावर नाखवा होते, महिन्यातले वीस दिवस दर्यावर. ते घरी असले की त्यांनाही ते आवडे. मुद्दाम विचारत, "शकू, जेवलीस?" आणि ती तोंड पुसून, ताठ उभी राहून सांगे. त्यातूनच त्यांच्या घरात एक रीत पडली. मराठीत काय खोटंनाटं बोलायचं ते बोला, कैऱ्या कुणी खाल्ल्या, मडकं कुणी फोडलं, पण झालेल्या बोलण्यात बोललेलं खरं. त्यावर कुणी शंका घ्यायची नाही, फिरून विचारायचं नाही. देवाची घेतलेली शपथ शकू एकदा दोनदा मोडायची, पण हे तिने कधी मोडलं नाही. महिपतनेही नाही, त्या उन्हाळ्यापर्यंत.

मुंबईला एका बाईंनी मुलींसाठी शाळा काढली होती. बाहेरगावच्या दहा मुली त्या फुकट ठेवून घेणार होत्या. अट एकच, मुलीने स्वतःच्या हाताने इंग्रजीत पत्र लिहून पाठवायचं, आज दिवसभरात काय काय केलं ते. ही बातमी गंगाराम मास्तरांनीच आणली आणि तेच आप्पांशी बोलले. आप्पा डोकं खाजवत म्हणाले, "चिठ्ठी येऊ दे, मग बघू. आली तर नेऊन घालीन मी सोता." एवढं म्हणणारा बाप मांडवीत तेव्हा दुसरा नव्हता. शकूने दोन दिवस बसून पत्र लिहिलं. चौदा वर्षांची होती. पहाटे उठून विहिरीला गेल्यापासून दिवा लावेपर्यंत सगळं, करून झालेलं, एकाखाली एक. त्याच आठवड्यात महिपतचा मॅट्रिकचा निकाल लागला होता. तो नापास झाला होता, आणि नेमका इंग्रजीत. अशा वेळी मास्तरांनी भर पडवीत एक कागद वाचून दाखवला, कुणाचा ते न सांगता. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "एक चूक नाय ह्यात. मी आगबोटीवर गोऱ्या सायबांची पत्रं बघितली हायत, त्यांत चुका असत. हे आपल्या शकूनं लिवलंय." पोरांनी उंबऱ्याकडे बघितलं, आणि मग महिपतकडे. त्याच्या पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही. पुढे तेरा वर्षांत त्याने बरेच शोधले, आईची तब्येत, घरातलं काम, परक्या शहरात एकटी पोर, पण झालं होतं ते एवढंच, की त्याच्या पोटात दुखलं. संध्याकाळी शकूने पाकीट त्याच्या हाती दिलं. पोस्ट लांब, मुली जात नसत. तो फिरायला गेला, बंदरावर बसला, आणि पाकीट खिशात तसंच घेऊन घरी आला. उद्या टाकू. शकू दारातच उभी होती. तिने नुसत्या भुवया वर केल्या, आणि तो म्हणाला, 'आय हॅव पोस्टेड युवर लेटर.' शकूने टाळी वाजवली आणि आत पळाली. तिने परत विचारलं नाही, विचारायचंच नसतं. उद्या टाकलं की खरं होईल, एका रात्रीचा तर प्रश्न, असं त्याला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्याला पोस्टाकडे जाववेना. तिसऱ्या दिवशीही नाही. मुदत अकरा दिवसांची होती. अकरा दिवस तो पाकीट या सदऱ्यातून त्या सदऱ्यात घालत होता. विसरला नव्हता, एक दिवसही विसरला नव्हता. मुदत टळली तेव्हा त्याने ते फाडून खाडीत टाकलं, आणि त्याला मोकळं वाटलं. ते मोकळं वाटलं होतं, हेच पुढे त्याला सगळ्यात जास्त बोचत राहिलं.

एकदा गंगाराम मास्तरांनी विचारलं होतं. इंग्रजीतच विचारलं, पत्र टाकलंस का. महिपत मराठीत म्हणाला, "हो, टाकलं की." मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. ते आता नाहीत. शकू मात्र पोस्टमनची वाट बघत राहिली. सदू पोस्टमन पावसात इरलं घेऊन यायचा. शकू कुंपणापाशी उभी राही. सदूही मग लांबूनच मान हलवू लागला, बिचाऱ्याला जवळ येऊन नाही म्हणवत नसे. नारळी पौर्णिमेनंतर ती कुंपणाशी दिसेनाशी झाली. अंगण झाडायची, पाणी आणायची, पण मुकाट्याने. एक दिवस तिची वही वाण्याकडे पुड्या बांधायला गेली. आईला वाटलं खूळ गेलं. दिवाळीनंतर पालीचं स्थळ आलं, किराणा दुकानवाले आनंदराव, माणूस सज्जन, आणि शकू बोहल्यावर उभी राहिली. महिपत पुढे तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झाला, मास्तर झाला. इंग्रजीचा.

"पान वाढलंय दादा," शकू म्हणाली तेव्हा तो दचकला. जेवताना ती पालीच्या गप्पा सांगत होती. कोल्हापूरच्या बैलगाड्या कमी होऊन आता लॉऱ्या येतात, दुकानात डबे येतात त्यांवर सगळं इंग्रजीच असतं. "ह्यांना वाचता येत नाय, मला तर नायच," ती हसत म्हणाली. "परवा बिस्किटं म्हणून मी साबणाचा खोका फोडला." मैना खो खो हसली. "आय येडीच हाय!" शकू पण हसली. महिपत बांगड्याचे काटे काढत राहिला. डब्यावरचं चार अक्षरी नाव ती वाचू शकत नव्हती, हे खोटं होतं. जिने चौदाव्या वर्षी बिनचूक पानभर लिहिलं तिला ते वाचता येत होतं, पण आपल्याला येत नाही असं एकदा ठरवल्यावर ती त्या अक्षरांकडे बघतच नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मिरची लागली काय रे?" असं म्हणून शकूने त्याच्यापुढे गूळ ठेवला.

तीन वाजता निघताना शकू म्हणाली, मोटारीला अवकाश आहे तर मांडवीवरून जाऊ, दर्या बघून किती दिवस झाले. आईबाप दोघंही गेल्यापासून मांडवीचं घर दुसऱ्यांचं झालं होतं. किनाऱ्यावर मचवे वर ओढून ठेवले होते, पावसासाठी त्यांवर नारळीच्या झापांची पाखी, म्हणजे उतरती छपरं, बांधायचं काम चाललं होतं. मैना चपला हातात घेऊन पाण्याकडे धावली. शकू दगडी बांधावर बसली आणि म्हणाली, "आप्पा असते तर ह्या दिवसांत किती वरडत असते, नाय? झाप आणा, सुंभ आणा." महिपत उभाच राहिला होता. त्याला वाटलं, आत्ता नाही बोललो तर मग मी मरेपर्यंत बोलत नाही. तो म्हणाला, "शकू, ते पत्र मी टाकलंच नव्हतं."

"कुठलं पत्र?" शकूने खरंच विचारलं.

"मुंबईचं. तुझं."

मग त्याने सगळं सांगितलं. पडवी, निकाल, खिसा, अकरा दिवस, खाडी. आईचं नाव मध्ये घ्यावंसं त्याला दोनदा वाटलं, घेतलं नाही. "तू माझ्यापुढे गेलीस ते मला बघवलं नाही, शकू. एवढंच होतं ते." बोलताना तो तिच्याकडे न बघता झाप बांधणाऱ्या माणसांकडे बघत होता. ती शिव्या देईल, रडेल, का केलंस म्हणून विचारील, आप्पांना माहीत होतं का विचारील, या सगळ्याची उत्तरं त्याने तेरा वर्षांत तयार केली होती. शकू पाण्याच्या कडेला उड्या मारणाऱ्या मैनाकडे बघत होती.

"म्हंजे ते बाईनं वाचलंच नाय?" ती हळूच म्हणाली.

"नाही."

"म्हंजे मला येत व्हतं?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याने कधी तयार केलं नव्हतं. "येत होतं," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, एक चूक नाही."

"एक पण नाय?"

"एक पण नाही."

शकू हसली. तिचा चेहरा असा उजळला की महिपतला क्षणभर वाटलं, सुटलो. पण ते हसू ओठांवरच राहिलं आणि डोळे बदलत गेले. तिला एकेक आठवत असावं, कुंपण, सदूची मान, वाण्याकडे गेलेली वही, साबणाचा खोका, आणि रोज रात्री पोरीच्या वेण्या घालताना सांगितलेलं, की बाय, आपल्याला नाय येत ते. तिने पदर तोंडात कोंबला आणि ती रडायला लागली. महिपतने तिच्या खांद्याकडे हात नेला, तशी ती बांधावर वीतभर बाजूला सरकली. मैना शंख-शिंपले ओच्यात घेऊन आली आणि आईकडे बघून घाबरली. "काय नाय गो," शकू म्हणाली, "डोळ्यात वाळू गेली."

मोटारीच्या अड्ड्यापर्यंत ती मैनाचा हात धरून पुढे चालत राहिली. क्लीनर पाली पाली म्हणून ओरडत होता. शकूने मैनाला आत बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि ती महिपतसमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल होते, आवाज मात्र स्वच्छ होता.

"सोमवारी आणते तिला. नाव घाल तिचं."

"घालतो. माझ्याकडे—"

"तुझ्याकडं नाय. राहीकाकीकडं ऱ्हायल ती. काकी एकटीच हाय, तिला सोबत व्हईल." थोडं थांबून ती म्हणाली, "वर्गात काय शिकवायचं ते शिकव, मास्तर हायस तू. घरचा अभ्यास मी घेईन, शनवारी-आयतवारी ती पालीला आली की. मला येतं."

दर खेपेला निघताना शकू थोरल्या भावाच्या पाया पडायची. त्या दिवशी ती न वाकता वळली आणि मोटारीत चढली.